पोकर नाइटचा सेट भाड्याने देताय? आधी चिप्सचा हिशोब शिका

पार्टीचं सामान भाड्याने देण्याच्या व्हिडिओत गेम नाइटच्या सेटचा विषय मी दोन मिनिटांत उरकला होता. तो उरकण्यासारखा नाही, हे मला स्वतःच्या खिशाला चाट लागल्यावर कळलं. म्हणून आज फक्त पोकरचा सेट. चिप्स म्हणजे वेफर्स नव्हेत बरं का, टेबलावर पैशांऐवजी वापरतात त्या गोल चकत्या.

माझी पहिली ऑर्डर एका ताईंची होती. नवऱ्याचा चाळिसावा वाढदिवस, बारा माणसं, घरच्या घरी छोटी टूर्नामेंट. मी ५०० चिप्सची अॅल्युमिनियमची पेटी दिली. पाच रंग, प्रत्येकी १००. आकडे छापलेले होते: २५, १००, ५००, १०००, ५०००. डिपॉझिट घेतलं, पेटी दिली, माझं काम झालं. असं मला वाटलं.

रात्री दीड वाजता फोन. "दादा, हा गेम संपतच नाहीये हो! सात वाजल्यापासून बसलोत, अकरा जण अजून खेळतायत. सोसायटीचा वॉचमन दोनदा येऊन गेला."

मी विचारलं, चिप्स कशा वाटल्या? तर म्हणाल्या, "सगळ्यांना सारख्या. प्रत्येक रंगाच्या आठ-आठ."

लाडू वाटावेत तशा! आता हिशोब करा. २५, १००, ५००, १००० आणि ५००० यांची बेरीज ६६२५. गुणिले आठ, म्हणजे प्रत्येकाकडे ५३,०००. आणि खेळ सुरू केला २५/५० ने. पोकरमध्ये दर डावाला दोघांना सक्तीने रक्कम लावावी लागते, तिला ब्लाइंड म्हणतात. इथे छोटा ब्लाइंड २५ चा, मोठा ५० चा. ज्याच्याकडे ५३,००० आहेत त्याला ५० गेल्याचं काय दुःख? त्याच्याकडे हजाराहून जास्त मोठे ब्लाइंड शिल्लक आहेत. असा माणूस सकाळपर्यंत बाहेर जात नाही. त्यात रात्रभर ब्लाइंड वाढवलेच नव्हते.

चूक ताईंची नव्हती. मी त्यांना पेटी दिली होती, खेळ कसा मांडायचा ते दिलं नव्हतं. सात चिप्सही कमी परत आल्या. त्या मनःस्थितीत मी डिपॉझिटमधून पैसे कापू शकलो नाही.

त्यानंतर मी हिशोब उलटा करायला शिकलो. पेटीत किती चिप्स आहेत तिथून सुरुवात करायचीच नाही. ग्राहकाला दोनच प्रश्न: माणसं किती, आणि खेळ किती वाजता संपला पाहिजे?

घरगुती टूर्नामेंटचा एक ढोबळ अंदाज असा आहे, की टेबलावरची एकूण रक्कम मोठ्या ब्लाइंडच्या साधारण २० ते ३० पट उरली की खेळ शेवटाला आलेला असतो. उरलेले दोन-तीन जण मग फार वेळ थांबू शकत नाहीत, सगळं पुढे सरकवावंच लागतं. टूर्नामेंटमध्ये चिप्स कुठे नाहीशा होत नाहीत, फक्त एकाकडून दुसऱ्याकडे जातात. २००३ ची वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर बघा. लास व्हेगासच्या त्या मुख्य स्पर्धेत ८३९ जण प्रत्येकी १०,००० च्या चिप्स घेऊन बसले आणि शेवटी ८३,९०,००० च्या चिप्स एकट्या ख्रिस मनीमेकरसमोर होत्या. (आडनाव खरंच तेच आहे.) म्हणून सुरुवातीला किती वाटलं यावर शेवट कधी होणार हे ठरतं.

बारा जणांना प्रत्येकी ५,००० दिले तर एकूण ६०,०००. टप्पे २० मिनिटांचे ठेवा आणि ब्लाइंड असे चढवा: २५/५०, ५०/१००, ७५/१५०, १००/२००. मग जेवणाची सुट्टी. नंतर २००/४००, ३००/६००, ४००/८००, ६००/१२००, १०००/२०००, १५००/३०००. दहाव्या टप्प्यात मोठा ब्लाइंड ३००० झाला, म्हणजे ६०,००० त फक्त २० मोठे ब्लाइंड उरले. दहा टप्प्यांची २०० मिनिटं आणि जेवणाची ३०. सात वाजता बसलेली मंडळी पावणेअकरा-अकराला उठतात. वॉचमनही खूश.

आता ५,००० कशाकशात द्यायचे? इथे दुकानदाराला वेगळं शिकवायला नको. सकाळी गल्ला लावताना आपण नुसत्या पाचशेच्या नोटा ठेवतो का? दहा-वीसची सुट्टी नसली तर पहिल्याच गिऱ्हाईकाला अडतो. आणि नुसती चिल्लर ठेवली तर दुपारपर्यंत मोजण्यातच वेळ जातो. चिप्सचं अगदी तसंच आहे. मी प्रत्येकाला २५ च्या आठ, १०० च्या आठ, ५०० च्या चार आणि १००० च्या दोन देतो. २०० अधिक ८०० अधिक २००० अधिक २०००, झाले ५,०००. माणशी २२ चिप्स. बारा जणांना २६४.

म्हणजे ५०० च्या पेटीतल्या निम्म्याच्या आसपासच लागल्या. नवीन लोक इथेच फसतात: मोठी पेटी घेतात, जास्त भाडं लावतात आणि ग्राहकाला वाटतं की पैसे दिलेत तर सगळ्या वापरल्या पाहिजेत. मी ५००० चा रंग आता दुकानातच ठेवतो. ४०० च पाठवतो. साडेअकरा ग्रॅमची एक चिप धरली तर ते साडेचार किलोच्या वर जातं, स्कूटरच्या पायाशी तेवढंच बरं.

पण एक गोष्ट कागदावर तपासल्याशिवाय राहू नका. २५ वाल्या ९६ लागतात आणि आपल्याकडे १०० आहेत. तेरावा पाहुणा आला की संपलं! १३ गुणिले ८ म्हणजे १०४. त्याला सहाच द्यायला सांगायचं नाही, लोक लगेच "मला कमी का?" म्हणतात. सगळ्यांनाच २५ च्या चार आणि १०० च्या सात द्यायच्या, १०० अधिक ७०० म्हणजे ८००. पण मग २०० कमी पडतात, मग ५०० च्या गणितालाही हात लावावा लागतो. त्यापेक्षा मी सरळ सांगतो, हा सेट बाराचा आहे. तेरा असतील तर मोठा सेट, भाडं वेगळं.

जेवणाच्या सुट्टीत २५ वाल्या गोळा करायच्या, कारण पुढे २००/४०० पासून त्यांचा उपयोगच नाही. खेळणारे याला कलर-अप म्हणतात. अडचण अशी की १०० वाल्या पेटीत चारच शिल्लक असतात, बदलून द्यायच्या कशा? पुन्हा गल्ला आठवा. समोरच्याकडे २५ वाल्या बारा आहेत, म्हणजे ३००. त्याच्याकडून त्या बारा आणि वर १०० च्या दोन घ्या, ५०० ची एक द्या. एखाद-दुसरी सुटी उरली तर वरच्या शंभरापर्यंत पूर्ण करून द्या. त्यात कुणाला जास्तीत जास्त ७५ मिळतात, घरच्या खेळात त्यावरून कुणी भांडत नाही.

पहिल्या वीस मिनिटांत बाहेर पडलेला मेहुणा सोफ्यावर मोबाइल बघत बसला की पार्टीचा मूड जातो. म्हणून जेवणापर्यंत प्रत्येकाला एक दुसरी संधी ठेवायला सांगतो. तिच्यासाठी सुट्टी लागत नाही, १००० च्या पाच दिल्या की झालं. चार जणांनी घेतली तर टेबलावर ८०,००० होतात आणि खेळ एखादा टप्पा लांबू शकतो. हे आधीच सांगून ठेवा.

मांडणीत माझं सगळ्यात उपयोगी पडलेलं काम म्हणजे झिपच्या पिशव्या. बारा पिशव्या, प्रत्येकीत २२ चिप्स, दुकानातच मोजून. यजमानाने फक्त प्रत्येकासमोर एक ठेवायची. वेगळ्या पिशवीत राखीव १००० वाल्या. एका घरगुती डायनिंग टेबलावर बारा माणसं मावत नाहीत, म्हणून सहा-सहाची दोन टेबलं धरतो आणि आठ उरले की एकत्र करायला सांगतो. त्यामुळे डीलरची बटणं दोन आणि पत्त्यांचे कॅट चार, प्रत्येक टेबलाला वेगवेगळ्या पाठीचे दोन. एक वाटला जात असताना दुसरा पिसला जातो. टेबलावर जाड चादर किंवा ब्लँकेट अंथरायला सांगा, नाहीतर काचेवरून चिप्स घरंगळतात आणि सोफ्याखाली जातात. त्या सात तिथेच गेल्या असणार, असा माझा अजून संशय आहे.

आता कायद्याचं, आणि हे गमतीत घेऊ नका. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. त्यातली जुगाराच्या अड्ड्याची व्याख्या वाचा. जागेच्या किंवा खेळाच्या साधनांच्या वापराचे पैसे घेऊन नफा मिळवणं हा तिचा भाग आहे. आपण साधनंच भाड्याने देतो, त्यामुळे पैसे लावून होणाऱ्या खेळाला सेट द्यायचाच नाही. माझ्या पावतीवर तसं लिहिलेलं असतं, ग्राहकाची सही घेतो आणि सुरू करण्याआधी वकिलाला दाखवलं होतं. तुम्हीही दाखवा. प्रवेशाचे पैसे नाहीत, चिप्सच्या बदल्यात पैसे नाहीत. बक्षीस यजमानाच्या खिशातून, पेढ्यांचा बॉक्स किंवा एखादा मग. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या आसपास फोन जास्त येतात आणि तेव्हाच "दादा, थोडेसेच लावणार आहोत" हे ऐकायला मिळतं. अशा तीन-चार ऑर्डर मी दरवर्षी सोडतो. सीझनमध्ये सोडताना जीवावर येतं, खोटं कशाला बोलू.

परतीची मोजणी ग्राहकासमोर करायची, घरी नेऊन नाही. पेटीच्या खाचेत वीस-वीसच्या रांगा लावा. एकोणीस असतील तर शेजारच्या रांगेपेक्षा फट लगेच दिसते, चारशे चिप्सना पाच मिनिटं पुरतात. आणि सेट विकत घेतानाच त्याच डिझाइनच्या २५ वाल्या आणि १०० वाल्या थोड्या जास्त घेऊन ठेवा. वर्षभराने तोच माल मिळेल याची खात्री नसते. एका रंगात दोन छटा झाल्या की खेळणारे विचारतात, यातली खरी कुठली?

त्या ताईंनी पुढच्या वर्षी पुन्हा फोन केला. या वेळी पिशव्या, टप्प्यांचा छापील कागद आणि बटणं असं सगळं दिलं. दुसऱ्या दिवशी पेटी परत आली तेव्हा चिप्स पूर्ण होत्या. कागद मात्र त्यांनी ठेवून घेतला.