नांगरापाशी उपाध्यक्ष, दारापाशी द्वारपाल

नेतृत्व शिकवता येते काय, असा प्रश्न राज्यशास्त्राच्या तासाला निघाला की आपण दोन-चार थोर पुरुषांची नावे घेतो, 'नेते जन्मावेच लागतात' असे म्हणतो आणि मोकळे होतो. मला हे उत्तर कधीच पटले नाही. जन्मजात नेत्यांची वाट पाहत बसायचे, तर ग्रामसभा कोणी चालवायची आणि सोसायटीचे हिशेब कोणी तपासायचे? या प्रश्नाचा एक निराळा विचार मला अगदी अनपेक्षित ठिकाणी, म्हणजे अमेरिकेतील शाळांच्या शेतीच्या वर्गात सापडला. त्याची ओळख करून देण्यासाठी हा लेखनप्रपंच.

१९१७ साली अमेरिकेत स्मिथ-ह्यूज कायदा झाला आणि सरकारी माध्यमिक शाळांतील शेतीच्या शिक्षकांसाठी मध्यवर्ती सरकारचा पैसा मिळू लागला. कायद्यात एक अट होती. विद्यार्थ्याने वर्षातून किमान सहा महिने शिक्षकाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष शेतीकाम केले पाहिजे. कामाची सोय झाली. परंतु खेड्यातली मुले शहरी मुलांपुढे उभी राहिली की तोंडातून शब्द फुटत नसे. (आपल्याकडे कला शाखेच्या पहिल्या वर्षाला आलेल्यांना हे वेगळे सांगायला नको!) या न्यूनगंडावर उपाय म्हणून व्हर्जिनियात हेन्री ग्रोसक्लोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२६ साली शेती शिकणाऱ्या मुलांची संघटना काढली. त्याच धर्तीवर १९२८ साली कॅन्सस सिटी येथे १८ राज्यांतील ३३ विद्यार्थी जमले आणि 'फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका' ही राष्ट्रीय संघटना उभी राहिली. संक्षेपाने तिला एफएफए म्हणतात.

या संघटनेच्या शाळेतील शाखेची सभा कशी भरते, ते पाहण्यासारखे आहे. प्रत्येक पदाधिकाऱ्याची जागा ठरलेली असते आणि त्या जागी त्याचे चिन्ह असते. अध्यक्ष उगवत्या सूर्यापाशी, उपाध्यक्ष नांगरापाशी, चिटणीस मक्याच्या कणसापाशी. खजिनदाराजवळ जॉर्ज वॉशिंग्टनची तसबीर असते, कारण वॉशिंग्टन आपल्या शेतीचे हिशेब फार काटेकोर ठेवीत असे. वार्ताहर ध्वजाजवळ, मार्गदर्शक शिक्षक घुबडाच्या चिन्हापाशी. (घुबड तिकडे शहाणपणाचे लक्षण, आपल्या आजीला हे सांगून पाहावे.) आणि दारापाशी द्वारपाल. आल्यागेल्याची विचारपूस करणे आणि खोलीची व्यवस्था नीट ठेवणे हे त्याचे काम. पण तोही निवडून आलेला पदाधिकारीच असतो. सभेच्या आरंभी प्रत्येकजण उठून आपली जागा कोणती व ती तेथे का, हे सांगतो. प्रथमदर्शनी हे नाटकी वाटते. परंतु ज्या मुलाने चारचौघांत कधी तोंड उघडलेले नाही, त्याला आयते वाक्य आणि हक्काची जागा मिळते. बोलण्याची पहिली भीती मोडायला याहून स्वस्त उपाय माझ्या पाहण्यात नाही.

मग खरे काम सुरू होते. अध्यक्षाच्या हाती लाकडी हातोडी असते: दोन ठोके म्हणजे सभा सुरू, तीन म्हणजे सर्वांनी उभे राहायचे, एक म्हणजे खाली बसायचे. समजा, शाखेने फळे विकून काही पैसे जमवले आहेत आणि त्यांचे काय करायचे, असा प्रश्न आहे. एकजण ठराव मांडतो, दुसरा अनुमोदन देतो, तिसरा उपसूचना आणतो. आधी उपसूचनेवर मत, मग मूळ ठरावावर. अध्यक्षाला स्वतःचे मत हिरिरीने मांडायचे असेल, तर त्याने खुर्ची दुसऱ्याच्या हवाली करायची. चर्चा बंद करून लगेच मत घ्यायचे, तर साधे बहुमत पुरत नाही, दोन-तृतीयांश लागते. म्हणजे ५१ जणांना ४९ जणांचे तोंड बंद करता येत नाही. हे नियम हेन्री रॉबर्ट या लष्करी अभियंत्याने १८७६ साली प्रसिद्ध केलेल्या सभाशास्त्राच्या पुस्तकातले. राज्यशास्त्रात 'अल्पमताचे संरक्षण' या विषयावर आपण पानेच्या पाने लिहितो. तेथे पंधरा-सोळा वर्षांची मुले ते हात वर करून शिकतात. शाखेची पदवी हवी असेल, तर या सभानियमांपैकी पाच प्रत्यक्ष करून दाखवावे लागतात आणि १५ मिनिटे गटचर्चा चालवावी लागते.

तरी मला अधिक मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट, जमाखर्चाची वही. प्रत्येक विद्यार्थ्याचा स्वतःचा उद्योग असतो. कोणी डुकरे पाळतो, कोणी भाजीपाला लावतो, ज्याच्या घरी जमीन नाही तो दुसऱ्याकडे मजुरी करतो. खाद्य किती लागले, किती तास राबलो, विक्री काय झाली, हे सारे लिहायचे. संघटनेतील वरच्या पदव्या मिळवायच्या, तर भाषण चांगले असून भागत नाही. वही दाखवावी लागते. वक्तृत्व आणि हिशेब यांची अशी गाठ आपल्या वादविवाद मंडळाने अद्याप घातलेली नाही.

इथवर सारे छान. पण खुर्ची कोणाला मिळणार, हा प्रश्न उरतोच. १९६९ पर्यंत राष्ट्रीय नियमांनुसार मुलींना सदस्यत्वच नव्हते. ते मिळाल्यावर १३ वर्षांनी, १९८२ साली, जॅन एबरली ही पहिली मुलगी राष्ट्रीय अध्यक्ष झाली. काळ्या विद्यार्थ्यांची कथा याहून गुंतागुंतीची आहे. दक्षिणेत शाळाच वेगळ्या होत्या, म्हणून त्यांची संघटनाही वेगळी. 'न्यू फार्मर्स ऑफ अमेरिका' ही त्यांची राष्ट्रीय संघटना १९३५ साली टस्कीगी येथे स्थापन झाली. वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर' वाचलेल्यांना हे गाव परके नाही, तेव्हा डॉ. कार्व्हर तेथेच काम करीत होते. या संघटनेचे पदाधिकारी, वक्तृत्वस्पर्धा, काळ्या-सोनेरी रंगाची जाकिटे, सारे तिचे स्वतःचे होते.

१९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर, १९६५ साली, दोन्ही संघटना एक झाल्या. न्याय्यच गोष्ट, वेगळेपणाचे समर्थन कोण करील? परंतु एक झाल्या म्हणजे काय झाले? नाव राहिले एफएफएचे, जाकीट राहिले तिचे निळे. सुमारे ५०,००० काळे विद्यार्थी सदस्य म्हणून आत आले. त्यांचे अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार मात्र पदांसकट नाहीसे झाले. पुढे काळ्या शाळा बंद पडत गेल्या, तशा तेथील कित्येक शेतीशिक्षकांच्या नोकऱ्याही गेल्या. ज्या मुलाला काल नांगरापाशी जागा होती, तो आज मागच्या रांगेत बसला. सभेचे नियम कितीही निर्दोष असले, तरी हातोडी कोणाच्या हाती जाते हे ते ठरवीत नाहीत, असे मला यावरून वाटते. १९७३ साली फ्रेड मॅक्लुअर हा राष्ट्रीय चिटणीस झाला, तेव्हा राष्ट्रीय पदाधिकाऱ्यांत पहिला काळा विद्यार्थी दिसला. राष्ट्रीय अध्यक्षपदासाठी १९९४ साल उजाडावे लागले.

दरम्यान १९८८ साली संघटनेने आपल्या नावातले 'भावी शेतकरी' हे शब्द काढून 'नॅशनल एफएफए ऑर्गनायझेशन' असे नाव घेतले, कारण शेतीच्या वर्गातून निघणारी बरीच मुले आता प्रयोगशाळेत, बाजारात किंवा शिक्षकी पेशात जात होती. आज तिचे सदस्य दहा लाखांहून अधिक आहेत. आणि १९९४ साली जो पहिला काळा विद्यार्थी अध्यक्षाच्या खुर्चीत बसला, तो कोरी फ्लर्नॉय, कोणा शेतकऱ्याच्या वाड्यातून नव्हे, तर शिकागो शहरातून आला होता.