मशीन उघडली की तू तिथं उभी राहा

आधी एक विचारते. हंगाम संपायच्या आत तुझ्या मशीनचा बेल्ट दुसऱ्यांदा तुटला, तेव्हा मिस्त्रीनं टेन्शनर हातानं फिरवून बघितला होता का? नाही ना? मग बेल्टच्या कंपनीला आणि ऑपरेटरला बोल लावू नकोस गं. बेल्ट तुटलेला सगळ्यांना दिसतो, त्याला तोडणारा मात्र आत कव्हराखाली लपून बसतो.

आपल्या उमरग्यात माती उचलणारी कुठलीही मशीन दिसली की लोक तिला जेसीबी म्हणून मोकळे होतात. तुझी ही बुटकी, जागच्या जागी गिरकी घेणारी मशीन वेगळ्या जातीची, स्किड स्टीअर लोडर. तिचा मूळपुरुष 1957 साली अमेरिकेतल्या मिनेसोटात केलर बंधूंनी बनवला, एका शेतकऱ्याच्या टर्की पक्ष्यांच्या शेडमधली घाण काढायला. जागा अरुंद म्हणून मशीन लहान, आणि मशीन लहान म्हणून सगळे भाग एकमेकांत कोंबलेले. म्हणूनच एक साधी पुली बदलायची तरी निम्मी मशीन उघडावी लागते, आणि म्हणूनच मिस्त्री "फक्त बेल्ट टाकू" म्हणतो.

आता तुझ्या मशीनच्या पोटात काय चालतं ते समजून घे. इंजिन बेल्टनं हायड्रॉलिक पंप फिरवतं. त्या पंपाच्या तेलावर चाकंही चालतात आणि बकेटही उचलते. काही कंपन्यांत पंप सरळ इंजिनलाच जोडलेला असतो, तिथं बेल्ट फक्त पंखा आणि अल्टरनेटरपुरता. तुझ्याकडं पंपच बेल्टवर आहे, त्यामुळं बेल्ट गेला की मशीन जागेवर बसते. टेन्शनरचं काम एवढंच, की स्प्रिंगच्या जोरावर पुली बेल्टला दाबून धरायची. स्प्रिंग थकली की बेल्ट घसरतो, तापतो, चकाकतो आणि फाटतो. पुलीची बेरिंग गेली की पुली तिरकी फिरते आणि बेल्टची एकच कड कुरतडली जाते. म्हणून तुटलेला बेल्ट फेकायच्या आधी हातात घे. एकच कड झिजलेली असेल तर पुल्या एका रेषेत नाहीत. आतली बाजू काचेसारखी चकचकीत असेल तर ताण कमी पडला. तेलकट असेल तर वरून कुठंतरी गळती आहे, ती आधी शोध.

तुटायच्या आधीही मशीन बोलते बरं का. सकाळी चालू करताना किंचाळणं, भरल्या बकेटीला दम न पुरणं, कव्हराखाली काळा रबरी भुगा. ऑपरेटरला हे रोज दिसतं, पण त्याला कुणी विचारत नाही. तू विचार. त्याच्यावर ओरडलीस तर पुढच्या वेळी तो गप्प बसेल आणि ते महागात पडेल. आणि किंचाळणाऱ्या बेल्टवर कुणी ग्रीस किंवा स्प्रे मारायला निघाला तर हात धर.

काम सुरू होईल तेव्हा या गोष्टींवर अडून बस. मशीन सपाट जागी, भुजा खाली, किल्ली तुझ्या पदरात. भुजा वर ठेवूनच काम करायचं असेल तर तिचा लोखंडी आधार लावलेला असलाच पाहिजे. विटा, लाकडाचा ठोकळा चालणार नाही. केबिन मागं कलवली की तिचा खटका बसलाय का, ते स्वतः बघ. इंजिन गार होऊ दे, कारण सायलेन्सर तिथंच शेजारी असतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला लाव. बगॅस किंवा भुशाचं काम असेल तर आधी आतला सगळा कचरा साफ करून घे. गरम इंजिनाजवळचा वाळका भुसा म्हणजे आगीला आमंत्रण.

जुना बेल्ट काढायच्या आधी तो कुठून कसा जातो याचा मोबाईलवर फोटो काढ. टेन्शनरची स्प्रिंग पान्यानं हळूहळू सैल करायची, पेचकसानं उचकटायची नाही. बोटं जातात गं त्यात. नवा टेन्शनर बसवताना जागा घासून पुसून घे, बोल्ट पुस्तकात दिलेल्या टॉर्कनं आवळू दे. मग पट्टीनं किंवा ताणलेल्या दोऱ्यानं पुल्या एका ओळीत आहेत का बघ. बेल्ट खाचांत नीट बसल्यावर आणि सगळी कव्हरं लागल्यावरच किल्ली दे. पहिल्यांदा बकेट रिकामीच चालवू दे.

स्पेअर मागवताना नुसतं मॉडेल सांगू नकोस, मशीनच्या पाटीवरचा सीरियल नंबर सांग. एकाच मॉडेलमध्ये नंबरानुसार भाग बदलतात, आणि सोलापूरहून किंवा हैदराबादहून आलेलं पार्सल चुकीचं निघालं तर भाडं देणारा थांबत नाही. बेल्ट आणि टेन्शनर एकदमच घे. पैसे जास्त जातील, पण केबिन दोनदा उघडायची मजुरी वाचेल.

मिस्त्री तोंड वाकडं करील, "ताई, तुम्ही घरी जा, मी करतो" म्हणेल. तू स्टूल घेऊन तिथंच बस. आपल्या भागात बायकांनी कामावर नजर ठेवणं काही नवं नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला, त्यात कोसळलेलं सास्तूर तेव्हा आपल्याच उमरगा तालुक्यात होतं. नंतर घरं मजबूत करायच्या सरकारी कार्यक्रमात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीनं गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका संवाद सहायक झाल्या. त्या काही इंजिनिअर नव्हत्या. भिंत कशी बांधली म्हणजे टिकते ते शिकल्या, शेजारणींना समजावलं आणि कामावर लक्ष ठेवलं. तुलाही मिस्त्री व्हायचं नाहीये. काय बदललं, का बदललं, एवढं कळलं तरी पुरे.

एक वही कर. मीटरचे तास, बदललेला भाग, त्याचा नंबर आणि बिल, एवढ्याच गोष्टी लिही. पुढच्या वेळी बेल्ट तुटला तर किती तास चालला ते तुला ठाऊक असेल, आणि बिलावर भांडायचं की गळती शोधायची हे तूच ठरवशील. मालकीण म्हणवून घ्यायचं असेल तर हप्ता भरण्याइतकंच हेही काम आहे.