अशोकचक्रातील अंतर्लिखित कोन

दहावीच्या भूमितीत एक प्रमेय आहे : वर्तुळातील अंतर्लिखित कोनाचे माप त्याने अंतर्खंडित केलेल्या कंसाच्या मापाच्या निम्मे असते. आम्ही इतिहासाचे शिक्षक. परंतु वसतिगृहाच्या सायंकालीन अभ्यासिकेत विषयांच्या भिंती टिकत नाहीत. हे प्रमेय मुलांना तोंडपाठ असते. 'निम्मेच का?' असे विचारले की मात्र सारे स्तब्ध होतात. पाठांतराने गुण मिळतीलही. पण केवळ ग्रंथात लिहिले आहे म्हणून मानणे आपल्या परंपरेत बसत नाही. यास्तव हा छोटासा पाठ.

आकृती सर्वांच्या परिचयाची घेऊ. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने राष्ट्रध्वज स्वीकारला. ध्वजासाठी नेमलेल्या समितीत बाबासाहेब सदस्य होते. ध्वजावरील चक्राला आरे २४. म्हणून लगतच्या दोन आऱ्यांमधील केंद्रीय कोन ३६० भागिले २४, म्हणजे १५ अंशांचा. आता केंद्र सोडून परिघावर, एका आऱ्याच्या टोकाशी या. तेथून इतर कोणत्याही लगतच्या दोन टोकांकडे रेषा काढा. त्यांतील कोन साडेसात अंशांचा भरेल. (साडेसात म्हणताच कोणी शनीचे स्मरण करू नये, हा निव्वळ भागाकार आहे.) टोकांची जोडी जवळची घ्या वा समोरची, माप बदलत नाही.

कारण असे. परिघावरील आपल्या बिंदूला 'प' म्हणू, केंद्राला 'म'. प पासून म मधून जाणारा व्यास पलीकडे 'ड' येथे परिघाला मिळतो. आता 'क' हे कोणतेही टोक घ्या. मप आणि मक या दोन्ही त्रिज्या, म्हणजे त्रिकोण समद्विभुज. त्याचे प व क येथील कोन समान. केंद्राजवळचा कोन डमक हा या त्रिकोणाचा बाह्यकोन, अर्थात त्या दोन समान कोनांची बेरीज. म्हणून तो प येथील कोनाच्या दुप्पट. दुसरे टोक व्यासाच्या पलीकडे असेल तर दोन कोनांची बेरीज करा, त्याच बाजूला असेल तर वजाबाकी. निम्मेपणा दोन्हींत टिकतो.

एका चौकस विद्यार्थिनीने पुढचा प्रश्न काढला. एका टोकावरून उरलेली २३ टोके दिसतात, त्यांच्यात २२ कोन, एकूण १६५ अंश. सरळ कोनातले १५ अंश गेले कुठे? त्या टोकाशी स्पर्शिका काढून पाहावी : दोन्ही बाजूंस साडेसात-साडेसात अंश उरलेले सापडतात.

ही सिद्धता युक्लिडच्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात आहे. त्याचे कार्य इ.स.पू. ३०० च्या सुमारास इजिप्तमधील अलेक्झांड्रियात झाले. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात 'तुरमाय' म्हणून ज्या टॉलेमी राजाचा उल्लेख येतो, त्याची राजधानी हीच. आणि त्याच लेखमालेतील आठव्या व नवव्या लेखांचे तुकडे आपल्याजवळच्या सोपाऱ्यात मिळाले. यावरून कोणी कोणाकडून भूमिती शिकले असे म्हणता येणार नाही, पण ही दोन जगे परस्परांना अपरिचित नव्हती.

चक्रातील समोरासमोरच्या टोकांमधील कंस १८० अंशांचा, म्हणून परिघावर त्याचा कोन ९० अंशांचा. येथे पालकांनी लक्ष द्यावे. नवी मुंबईच्या इमारती उभारताना आपल्यापैकी अनेकांनी जो गुण्या हाती धरला, तो हेच प्रमेय उलट बाजूने वापरू देतो. थाळी कागदावर उलटी ठेवून वर्तुळ काढा. गुण्याचा काटकोनी कोपरा वर्तुळावर टेकवा. दोन्ही भुजा वर्तुळाला जेथे छेदतील त्या खुणा जोडा, तो व्यास. कोपरा सरकवून दुसरा व्यास काढा. दोघांचा छेद हाच केंद्रबिंदू. मग तिसऱ्यांदा तेच करा. ती रेषाही त्याच बिंदूतून जायला हवी. गेली नाही, तर गुण्या काटकोनात आहे की नाही हे आधी तपासावे.