शेवटच्या फोटोलाही ताजी नजर

चि. पुतणीस,

बंगळुरात राजाजीनगरातल्या आपल्या मराठी मंडळींनी हौशी छायाचित्रकारांची स्पर्धा ठेवली आणि परीक्षक म्हणून तुझं नाव पुढं आलं, याचा मला फार आनंद झाला. प्रवेश फुकट, वयाची अट नाही, मोबाइलवरचे फोटोही चालणार, म्हणजे हजार-बाराशे फोटो सहज येतील. फोटो काढणं तुला उत्तम येतं. पण फोटो काढणं वेगळं आणि एका बैठकीत हजार फोटोंचा न्याय करणं वेगळं. ती विद्या एकानं दुसऱ्याला सांगूनच पुढं जाते. म्हणून हे लिहितोय.

आपल्या देशात हौशी मंडळींनी एकत्र येऊन एकमेकांचे फोटो तपासायची रीत जुनी आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली. डॉ. जी. थॉमस यांनी १९५३ साली फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी उभी केली. इथं बंगळुरात यूथ फोटोग्राफिक सोसायटी १९७१ पासून चालू आहे. वन्यजीव छायाचित्रकार टी. एन. ए. पेरुमाळ याच गावचे. संडूरच्या मराठी राजघराण्यातले एम. वाय. घोरपडे कर्नाटकाचे अर्थमंत्री होते, पण रानातले हत्ती आणि पक्षी टिपणारा माणूस म्हणूनही देशाबाहेर त्यांचं नाव होतं. ही सगळी मंडळी स्पर्धांमधून, सलॉनमधून, म्हणजे निवडक फोटोंच्या प्रदर्शनांमधून वर आली. कुणीतरी कधीतरी त्यांचा फोटो नीट बघितला, म्हणून पुढचं झालं. तुझ्यासमोर येणाऱ्या बाराशेंत असा एखादा असू शकतो, हे धरूनच खुर्चीत बस.

सगळ्या सांगण्याचं सार एकच: पहिल्या फोटोला जितकी ताजी नजर मिळाली, तितकीच बाराशेव्या फोटोला मिळायला हवी. खालचे सगळे नियम त्यासाठीच आहेत.

फोटो यायच्या आधी

नियमावली संयोजकांकडून मागून घे आणि स्वतः वाच. एका माणसाचे किती फोटो, हे ठरलेलं हवं. मोठ्या सलॉनमध्ये एका विभागात चार घेतात, तेवढे पुरेत. मर्यादा नसली की एकच उत्साही माणूस साठ फोटो पाठवतो आणि बाकीच्यांच्या वाट्याची नजर खाऊन टाकतो.

फाइलवर नाव नको, नुसता क्रमांक हवा. कोपऱ्यात सही किंवा वॉटरमार्क असेल तर फोटो परत पाठवून सुधारून घ्यायचा. राजाजीनगरातलं आपलं वर्तुळ लहान आहे. कुणाचा मुलगा, कुणाची सून हे नावावरून लगेच कळतं. इतकं करूनही ओळखीचा फोटो समोर आला, तर तिथल्या तिथं सांग आणि त्या फोटोला गुण देऊ नकोस.

आणखी एक कलम डोळ्यांत तेल घालून बघ. "आलेल्या सर्व फोटोंचे हक्क संयोजकांकडे राहतील" असं लिहिलं असेल तर ते काढायला लाव. प्रदर्शनापुरती आणि स्पर्धेच्या प्रसिद्धीपुरती परवानगी, तीही छायाचित्रकाराच्या नावासकट, एवढंच मागावं. हौशी माणसाचा फोटो फुकट वापरायला मिळतो म्हणून स्पर्धा भरवू नये.

तिघं बसा, आणि एकत्र बसा

परीक्षक तीन असावेत. छायाचित्रकलेचा आंतरराष्ट्रीय महासंघ, म्हणजे फियापसुद्धा, किमान तिघांचा आग्रह धरतो. एकाची आवड म्हणजे निकाल होता कामा नये. तिघंही फोटोग्राफरच हवेत असं नाही. एखादी चित्रकला शिकवणारी बाई किंवा वर्तमानपत्रात पानं लावणारा माणूस असला तर फार उपयोग होतो. त्यांना लेन्सची माहिती नसते, त्यामुळे ते लेन्सला गुण देत नाहीत.

लिंक पाठवून "घरी बघून गुण कळवा" असं कुणी म्हटलं तर नम्रपणे नाही म्हण. एकाचा लॅपटॉप, दुसऱ्याचा फोन, तिसऱ्याचा टीव्ही, असे तीन वेगळे फोटो बघून एक निकाल लावता येत नाही. खोली एक, पडदा एक. पडद्यावर थेट उजेड नको, पण मिट्ट काळोखही नको. टीव्ही वापरणार असाल तर त्याची भडक रंगांची सेटिंग बंद करा, नाहीतर प्रत्येक सूर्यास्त पेटल्यासारखा दिसेल. मॉनिटर कॅलिब्रेट केलेला असेल तर उत्तम.

आधी नुसतं बघा

पहिल्या फेरीआधी सगळे फोटो दोन-दोन सेकंद, गुण न देता डोळ्यांखालून जाऊ द्या. बाराशे फोटोंना चाळीस मिनिटं लागतात. संयोजक म्हणतील वेळ वाया जातो. ऐकू नकोस. एकूण माल कसा आहे हे कळल्याशिवाय पहिल्या फोटोला गुण देणं म्हणजे अंधारात दगड मारणं. ही फेरी टाळली की पहिले पन्नास फोटो हमखास मार खातात, कारण परीक्षक हात राखून बसलेले असतात, पुढं काहीतरी मोठं येईल या आशेनं.

मग गुणांची फेरी. फोटोमागं सहा सेकंद धरले तर बाराशेंना बरोबर दोन तास. पण सलग दोन तास बसू नका. पाऊण तास झाला की उठा, कॉफी घ्या, खिडकीतून लांब बघा. सकाळपासून फोडण्या देणाऱ्या माणसाला दुपारी मीठ कळत नाही, तसं डोळ्यांचं होतं. चांगलं-वाईट सगळं सारखंच दिसायला लागतं आणि मग फक्त भडक रंग लक्ष वेधून घेतात. भडक फोटोला वर हात जायला लागला की समज, विश्रांतीची वेळ झाली.

गुण किती द्यायचे

एक ते दहा नको. दहाची पट्टी दिली की माणूस सहा आणि सातच देत राहतो आणि शेवटी तीनशे फोटो एकाच गुणावर अडकतात. दोन ते पाच ठेवा: दोन म्हणजे नाही, तीन म्हणजे बरा, चार म्हणजे पुढच्या फेरीला, पाच म्हणजे हा गेला तर मी भांडेन. तिघांचे मिळून सहा ते पंधरा. एक हा गुण नियमात न बसणाऱ्या फोटोसाठी राखून ठेवा.

या फेरीत बोलायचं नाही. "वा!" नाही, सुस्कारा नाही, मान हलवणंसुद्धा नाही. तिघांपैकी ज्याचं वय किंवा नाव मोठं, त्याच्या एका हुंकारावर बाकीचे दोन हात हलतात. मतदानाची बटणं असतील तर उत्तम. तुमच्याकडं कागद असेल तर तो झाकून लिहा.

फेरी संपली की पहिले पन्नास फोटो पुन्हा लावा आणि पुन्हा गुण द्या. फरक किती पडतो ते बघ. फार पडला तर दुसरे गुण धरा. दुसऱ्या फेरीत क्रम उलटा करा, म्हणजे थकलेली नजर प्रत्येक वेळी त्याच फोटोंच्या वाट्याला येणार नाही.

पुन्हा पुन्हा येणारे विषय

काय काय येणार हे आत्ताच सांगतो. रोषणाईतलं इस्कॉन मंदिर, मेट्रोच्या खांबांखालून वाहणाऱ्या दिव्यांच्या रेघा, लालबागेतलं काचघर, करग उत्सव, कंबळ शर्यतीतली चिखल उडवणारी रेड्यांची जोडी, चोचीत मासा धरलेला खंड्या, सुरकुतलेल्या म्हाताऱ्याचा चेहरा. आपली मंडळी असल्यामुळे वारी आणि जेजुरीचा भंडाराही येणारच.

यातल्या कशालाही "पुन्हा हेच" म्हणून बाजूला टाकू नकोस. तो फोटो तुझ्यासाठी विसावा असेल, पाठवणाऱ्यासाठी पहिला आहे. आणि विषय परका आहे, विमानाचं तिकीट काढून मिळवलाय, म्हणून जादा गुणही देऊ नकोस. दुसऱ्या फेरीतले गुण देऊन झाले की एका विषयाचे सगळे फोटो शेजारी शेजारी लाव. कंबळाचे वीस फोटो एकत्र दिसले की ज्यानं खरंच काही वेगळं पाहिलं, तो आपोआप वर येतो.

काय बघायचं

एका स्पर्धेत फुलवाल्यांचे दोन फोटो अंतिम फेरीत आले होते. पहिल्यात सगळं नेटकं: मोगऱ्याचा ढीग, बाजूनं येणारा सकाळचा उजेड, बाईचं हसू, मागं सुंदर धुरकट झालेली पार्श्वभूमी. दुसरा किंचित तिरका होता आणि कडेला एक स्कूटर अर्धी कापली गेली होती. पण त्यात फुलवाली गजरा मोळानं, म्हणजे हाताच्या मापानं, मोजत होती. बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत दोरा ताणलेला, आणि गिऱ्हाईक बाईची नजर नेमकी त्या कोपरावर खिळलेली, माप पुरं होतंय की नाही. दोघींमधला सगळा व्यवहार, विश्वास आणि घासाघीस त्या एका नजरेत होती. पहिला फोटो कुठल्याही सकाळी, कुणालाही काढता आला असता. दुसऱ्यासाठी कुणीतरी तिथं थांबून, लक्ष ठेवून, नेमक्या क्षणी बटण दाबलं होतं. बक्षीस दुसऱ्याला गेलं, आणि तेच योग्य होतं.

म्हणून स्वतःला एवढंच विचार: हा माणूस तिथं नसता, तर मला हे दिसलं असतं का? उत्तर "नाही" असेल तर बारीक दोष माफ कर. मात्र फोटोचा जीव ज्यात आहे तेच धूसर असेल, पक्ष्याचा डोळा किंवा माणसाची नजर, तर माफी नको.

खरं-खोटं

नियमात आधीच लिहून घ्या की अंतिम फेरीतल्या प्रत्येकानं मूळ फाइल आणि त्या फोटोच्या आगेमागे काढलेले फोटो दाखवायचे. २०१५ च्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत मूळ फाइल्स तपासल्यावर उपांत्य फेरीतले सुमारे २० टक्के फोटो बाद करावे लागले होते, आणि ते व्यावसायिक वृत्तछायाचित्रकारांचे होते.

आपली नजर तयार आहे, या भरवशावर राहू नकोस. फाटकावरून उडी घेणारा लांडगा २००९ च्या 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेत पहिला आला, आणि तो बहुधा माणसाळवलेला असावा अशा निष्कर्षावर जानेवारी २०१० मध्ये बक्षीस काढून घेतलं गेलं. त्याच स्पर्धेत २०१७ साली गौरवलेल्या फोटोतलं मुंगीखाऊ पेंढा भरलेलं असल्याच्या निष्कर्षावर २०१८ मध्ये तो फोटो बाद झाला. २०२३ मध्ये बोरिस एल्डाग्सेन यांनी सोनीच्या जागतिक स्पर्धेत मिळालेलं बक्षीस स्वतःच नाकारलं, कारण चित्र एआयनं बनवलेलं होतं. २०२४ मध्ये दुसऱ्या एका स्पर्धेत उलटं झालं: फ्लेमिंगोचा खराखुरा फोटो एआयच्या विभागात शिरून जिंकला. दोन्ही वेळा जाणत्या परीक्षकांना नुसत्या डोळ्यांनी फरक कळला नाही.

तरी काही खुणा बघून ठेव. बोटं मोज. माणसाची सावली एकीकडं आणि झाडाची दुसरीकडं आहे का ते बघ. मागच्या दुकानाच्या पाटीवरची कन्नड अक्षरं वाचून बघ, यंत्राच्या चित्रात ती बऱ्याचदा नुसती वेलबुट्टी असते. पण या खुणा फक्त संशयापुरत्या. निर्णय मूळ फाइलवर करायचा, आणि पाठवणाऱ्याला म्हणणं मांडू दिल्याशिवाय कुणावर खोटेपणाचा शिक्का मारायचा नाही.

खरे असूनही नाकारायचे फोटो एकाच प्रकारचे: निसर्गाच्या विभागात घरट्यांचे फोटो घेऊ नका. फोटोसाठी आडोशाच्या फांद्या दूर केल्या की पिल्लं उन्हात आणि कावळ्यांच्या नजरेत येतात. तो फोटो कितीही देखणा असो, त्याला बक्षीस मिळालं की पुढच्या वर्षी दहा घरटी उघडी पडतात.

शेवटचे पंधरा

बाराशेंतून तीनशे, तीनशेंतून साठ, साठांतून पंधरा. या पंधरांचे लहान प्रिंट काढून टेबलावर मांडा आणि जेवायला जा. परत आल्यावर पहिल्या झटक्याचा प्रभाव उतरलेला असतो. जो फोटो तेव्हाही थांबवतो, तो खरा.

आता बोलायचं. सर्वांत लहान परीक्षकानं आधी बोलावं, मोठ्यांनी नंतर. आणि नियम असा की प्रत्येकानं आपल्या पसंतीच्या बाजूनं बोलायचं. दुसऱ्याच्या पसंतीतल्या चुका काढत बसलं की शेवटी ज्यात काहीच चूक नाही आणि काहीच जीवही नाही, असा फोटो पहिला येतो. तिघांच्या बेरजेत विक्षिप्त, धाडसी फोटो मागं पडतात, म्हणून प्रत्येक परीक्षकाला स्वतःच्या पसंतीचं एक बक्षीस ठेवायला सांग. त्यावर इतरांनी वाद घालायचा नाही.

जे हरले त्यांच्यासाठी

निकालाच्या दिवशी अर्धा तास मागून घे आणि बक्षीस न मिळालेले काही फोटो, ज्यांची परवानगी असेल त्यांचे, पडद्यावर लावून बोल. आधी फोटोत काय दिसलं ते सांग, मग काय राहून गेलं ते. "चांगला कॅमेरा घ्या" हे वाक्य तोंडातून काढू नकोस. "दोन पावलं पुढं जायला हवं होतं", "ढग सरकेपर्यंत थांबायचं" असं सांग, म्हणजे माणूस दुसऱ्या दिवशी ते करून बघतो. शाळकरी मुलांशी बोलताना तर शब्द तोलून वापर. त्या वयात एका शेऱ्यावर छंद सुटतो, आणि एका शेऱ्यावर जन्मभर टिकतो.

निकालावर सही करण्याआधी शेवटचं एक काम. पहिल्या फेरीत गळलेले सगळे फोटो लहान आकारात, झरझर, पुन्हा एकदा बघा. तिघांपैकी प्रत्येकाला त्यातून एक फोटो उचलून परत आत आणायची मुभा ठेवा. जेवायची वेळ टळली असेल, संयोजक घड्याळाकडं बघत असतील, तरी हे सोडू नकोस. ज्यांनी विश्वासानं आपलं पाहिलेलं तुझ्याकडं पाठवलं, त्या सगळ्यांना बक्षीस देणं तुझ्या हातात नाही. पण त्यांचा फोटो खरोखर बघितला गेला, हे तुला मनापासून सांगता आलं पाहिजे.

तुझा काका