मिलिग्रॅम आणि मिलिलिटर

आपल्या स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादकांनी विषय सुचविला तो ‘विशेष रुग्णगटांतील सुरक्षित औषधयोजना’ असा. गर्भवती, वृद्ध, मूत्रपिंडाचे रुग्ण, सारेच त्यात येतात. पण तीस वर्षे मुलांमध्येच गेल्यामुळे मी माझ्या अंगणापुरतेच लिहिते, आणि प्रारंभ स्वतःच्याच चुकीपासून करते.

२००६ साली इंदुरात मी स्वतंत्र व्यवसायात नवीन होते. आठ किलो वजनाचे एक तापलेले बाळ आले. पॅरासिटामॉलची मात्रा किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. पाच मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेले सिरप डोळ्यांसमोर ठेवून मी चिठ्ठीवर लिहिले, ‘पॅरासिटामॉल ५ मिली, दर सहा तासांनी, ताप असल्यास’. सिरप की थेंब, किती तीव्रतेचे, यातले काहीही लिहिले नाही. औषधविक्रेत्याकडे सिरप संपले होते. त्याने थेंबांची १५ मिलिलिटरची बाटली दिली. थेंबांत एका मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम असतात. घरी जुन्या औषधाचे मोजमापाचे झाकण होते. आजीने चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे, काटेकोर पाच मिलिलिटर दिले.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी आजींचा फोन आला. “डॉक्टरीणबाई, बाटली तीन वेळांतच संपली. आज दुसरी आणून एकदा दिलंय. ताप उतरलाय, पण बाळ दूध ओकतंय. औषध चालू ठेवू ना?” तीन वेळांत बाटली संपली, हे ऐकताच माझ्या पोटात गोळा आला. चार मात्रा, २००० मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे २५०, आणि तेही एका दिवसात. त्या बाईंनी बाटली संपल्याचे सांगितले नसते तर मला कळण्याचा दुसरा मार्ग नव्हता.

बाळाला एका रुग्णालयात दाखल केले. यकृताची विकरे वाढलेली होती. उतारा एन-असिटिलसिस्टीन. त्याची शिरेतून द्यावयाची मात्रा पहिल्या तासात किलोमागे १५० मिलिग्रॅम, नंतरच्या चार तासांत ५० आणि पुढील सोळा तासांत १००. मात्रा निवासी डॉक्टरांनी बरोबर काढली. परंतु ती मिसळावयाचे द्रावण मात्र प्रौढांच्या तक्त्यातून उतरवले: २००, ५०० आणि १००० मिलिलिटर डेक्स्ट्रोज. केरळातून आलेल्या एक ज्येष्ठ सिस्टर पहिली बाटली हातात घेऊन थांबल्या आणि हिंदीत एवढेच म्हणाल्या, “सर, इस बच्चे का पूरे दिन का पानी कितना है?” आठ किलोच्या बाळाचे चोवीस तासांचे पाणी सुमारे ८०० मिलिलिटर, आणि आम्ही एकवीस तासांत १७०० देणार होतो. तेही साखरेचे पाणी. रक्तातील सोडियम घसरून बाळाला झटके आले असते. मुलांसाठी हेच प्रमाण किलोमागे ३, ७ आणि १४ मिलिलिटर आहे, म्हणजे या बाळास एकूण १९२. एका बाळाच्या बाबतीत आम्ही दोन डॉक्टरांनी दोनदा चूक केली, आणि ती पकडली एका आजीने व एका परिचारिकेने. बाळ सुखरूप घरी गेले. मी आईवडिलांना माझी चूक स्पष्ट सांगितली. ते पुढेही माझ्याकडेच येत राहिले, हा त्यांचा मोठेपणा.

मुलांच्या औषधांत असे का घडते? प्रौढांची गोळी कारखान्यातच मापून येते. बाळाची प्रत्येक मात्रा मात्र वजन, गुणाकार, तीव्रता, भागाकार आणि सिरिंज अशा पायऱ्यांनी जन्मास येते. दशांशचिन्ह एक घर सरकले की मात्रा दहापट होते. म्हणून शून्याशिवाय ‘.५’ लिहू नये, आणि ‘५.०’ ही लिहू नये. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, जी इंग्रजी पाठ्यपुस्तकांत सापडणार नाही. देवनागरी १ हा रोमन नऊसारखा दिसतो. मराठी वळणाच्या हाताने घाईत लिहिलेला एक, मल्याळी सिस्टरने नऊ वाचला तर दोष कोणाचा?

बोलण्यातील अपूर्णांकांची गोष्ट तर याहून बिकट. आम्ही इंदूरकर मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात वापरतो. ‘पाव मिली’ आणि ‘पाऊण मिली’ फोनवर ऐकून पाहा. त्यात हिंदीचे ‘पौन’ मिसळले की ऐकणाऱ्याचा गोंधळ पुरा होतो. फरक तिपटीचा आहे. ‘डेढ’ आणि ‘ढाई’ ही दुसरी जोडी. आमच्या लहानशा रुग्णालयात रात्रीचा तोंडी आदेश देताना असे शब्द वापरण्यास मी बंदी केली आहे. ‘शून्य दशांश सात पाच’ असे अंक एकेक करून उच्चारायचे, सिस्टरने ते लिहून परत वाचून दाखवायचे, आणि मग ‘बरोबर’ म्हणायचे. पहिले काही महिने सर्वांना हसू येत असे.

काही औषधांना मात्र चुकीची मुभाच नाही. पोटॅशियम क्लोराइडच्या १० मिलिलिटरच्या ॲम्प्यूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट असतात. ते पातळ न करता शिरेत ढकलल्यास हृदय थांबते, आणि दिसायला ते साध्या पाण्याच्या ॲम्प्यूलसारखेच. त्याची जागा वॉर्डच्या ट्रॉलीत नव्हे, कुलपात. इन्सुलिनच्या बाबतीत ४० ची कुपी लाल टोपीच्या सिरिंजने आणि १०० ची नारिंगी टोपीच्या सिरिंजने, हे घरच्यांनाही दाखवून द्यावे. १०० चे इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत ओढले तर मुलाच्या अंगात पंचवीस युनिट जातात. अठ्ठावीस दिवसांच्या आतील अर्भकास शिरेतून कॅल्शियम चालू असेल तर सेफ्ट्रायाक्सोन देऊ नये. फुप्फुसांत व मूत्रपिंडांत स्फटिक साचून मृत्यू ओढवल्याच्या नोंदींनंतर २००७ साली हा इशारा प्रसृत झाला. नवजाताचे यकृत हे लहान आकाराचे प्रौढ यकृत नव्हे, हे क्लोरॅम्फेनिकॉलने १९५९ मध्येच आपल्याला राखी पडलेल्या बाळांच्या रूपाने दाखवले होते.

आता माझ्या चिठ्ठीवर वजन किलोत, मात्रा मिलिग्रॅममध्ये, औषधाची तीव्रता, आणि मग मिलिलिटर, असे चारही लिहिलेले असते. ‘चमचा’ हा शब्द मी काढून टाकला आहे, कारण घरोघरीचे चमचे एका मापाचे नसतात. सुई नसलेली सिरिंज देते, तिच्यावर पेनाने रेघ मारते आणि आईला किंवा आजीला माझ्यासमोर पाणी ओढून दाखवायला सांगते. पुष्कळ जणी पहिल्या खेपेस हवेचा बुडबुडा ओढतात, तो घालवून पुन्हा ओढावे लागते. या साऱ्याला दोन-तीन मिनिटे लागतात, आणि बाहेर बाकावर बसलेले पालक घड्याळाकडे पाहू लागतात.