बाळंतीण कामावर कधी जावी?

गेल्या पावसाळ्यात एक आजी साडेतीन महिन्यांच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. आठवड्यात दुसऱ्यांदा बाळाला जुलाब लागले होते. वजन केले, ते ४ किलो १०० ग्रॅम भरले. जन्माचे वजन २ किलो ८०० ग्रॅम होते. म्हणजे एव्हाना बाळ पाच किलोच्या पुढे जायला हवे होते. आजी म्हणाल्या, "सुनेचं दूध आटलं, म्हणून वरचं दूध बाटलीनं देतो."

चौकशीअंती कळले, की सून बाजारपेठेतील एका कापड दुकानात कामाला आहे. सव्वा महिना सरला आणि एकेचाळिसाव्या दिवशी ती कामावर हजर झाली. दुकानात माणसे सात. मालकांनी सांगितले होते, "जागा फार दिवस रिकामी ठेवता येणार नाही."

दूध आपोआप आटले नव्हते. सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत बाळ अंगावर पीत नव्हते, म्हणून ते आटले होते. बाळंतपणाची रजा देणे मालकावर कायद्याने बंधनकारक असावे काय, हा प्रश्न वरवर पाहता वकिलांचा वाटतो. पण त्याचे परिणाम आम्हा डॉक्टरांच्या वजनकाट्यावर दिसतात. म्हणून आज त्याविषयी.

आईचे शरीर

बाळंतपणानंतर लगेच गर्भाशयाचे वजन सुमारे एक किलो असते. ते आकसत आकसत सहा आठवड्यांत साठ-सत्तर ग्रॅमवर येते. वार सुटल्यावर आत राहिलेली जखमही याच काळात भरून येते. आपल्याकडील सव्वा महिन्याची विश्रांती या हिशेबाला बरीच जुळते. परंतु सव्वा महिन्याने बाई पूर्ववत झाली, असे मात्र नाही. बाळंतपणात गेलेले रक्त भरून येण्यास अनेक महिने लागतात. पोट आणि ओटीपोटाचे स्नायू सैल असतात. या दिवसांत जड गठ्ठे उचलले, तासन्तास उभे राहिले, तर पुढे अंग बाहेर येण्याचा त्रास संभवतो. सिझेरियन झालेल्या बाईने तर अधिकच जपावे.

मनाचाही विचार हवा. पहिल्या आठवड्यात उगाच रडू येणे स्वाभाविक आहे. मात्र उदासपणा दोन आठवड्यांहून अधिक टिकला, झोप उडाली, बाळ नकोसे वाटू लागले, तर "नाटक करते" असे न म्हणता डॉक्टरांना दाखवावे.

बाळाचे पहिले सहा महिने

जन्मल्यापासून तासाभरात बाळाला अंगावर घ्यावे आणि पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पाणी, मध, गुटी यांपैकी काहीही देऊ नये. बाळ जितके ओढते तितके दूध तयार होते. पाजणे कमी झाले की दूध कमी होते. मग बाटली येते. बाटलीच्या बुचात जंतू राहतात, दुधात पाणी घातले जाते, आणि जुलाब व कुपोषण या दोघांना एकदमच दार उघडते.

अल्प व मध्यम उत्पन्नाच्या वीस देशांतील सुमारे तीन लाख जन्मांची पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. भरपगारी रजा एका महिन्याने वाढली तेथे अर्भकमृत्यूचे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांनी कमी आढळले. केवळ रजेमुळेच हे घडले असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. तरी दिशा स्पष्ट आहे.

कायदा काय सांगतो?

हा वाद नवा नाही. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात गिरणी कामगार स्त्रियांसाठी प्रसूती लाभाचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा. पण म्हणून मालकाला मोकळे सोडता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात कायदा झाला. देशभरासाठी कायदा १९६१ मध्ये आला. त्यात बारा आठवड्यांची भरपगारी रजा होती. २०१७ च्या दुरुस्तीने ती पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे झाली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद घेतली आहे.

सव्वीस आठवडे म्हणजे बरोबर सहा महिने. यांपैकी जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणापूर्वी घेता येतात. ते सगळे आधी घेतले, तर नंतर अठराच उरतात, म्हणजे जेमतेम चार महिने. तब्येत चांगली असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर जास्तीत जास्त रजा नंतरसाठी राखावी.

बाळंतपणानंतर सहा आठवडे बाईला कामावर घेण्यासच मनाई आहे. रजेच्या काळात तिला कामावरून काढता येत नाही. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे पाळणाघर हवे. रोजंदारीवरील स्त्रियांनाही हा लाभ मिळाला पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये दिल्ली महापालिकेच्या प्रकरणात दिला. परंतु दहापेक्षा कमी माणसांची दुकाने यातून सुटतात. आपली सून याच फटीत सापडली.

मालकांची अडचण

सात माणसांच्या दुकानदाराने सहा महिने घरबसल्या पगार द्यावा आणि बदली माणूसही ठेवावा, हे त्याला जड जाते, हे नाकारून चालणार नाही. सगळा भार एकट्या मालकावर टाकला, तर तो नव्याने लग्न झालेल्या मुलीला कामावर घेण्याचेच टाळतो. यावर वाट आहे. कामगार राज्य विमा योजनेत मालक आणि कामगार दोघेही दरमहा वर्गणी भरतात आणि बाळंतपणाचा पगार त्या निधीतून मिळतो. माझ्या मते रजा देणे आणि जागा राखणे प्रत्येक मालकावर बंधनकारक असावे. पगार मात्र अशा सामाईक निधीतून यावा. म्हणजे लहान दुकानदारही बुडणार नाही.

ऊसतोडणीच्या फडावर तर नवरा-बायको मिळून एक कोयता. तेथे खाडा झाला की पैसे कापले जातात. अशा स्त्रियांना प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेतून पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये मिळू शकतात. अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे नोंद करावी. सहा महिन्यांच्या मजुरीच्या मानाने ही रक्कम तोकडीच आहे.

आणि बाप?

केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी नोकरीत तसा सर्वसाधारण कायदा नाही. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते आणि बापाला बाळ दिसते ते बारशाला. रात्री बाळाला सांभाळणे, दुपटी धुणे, बाईला वेळेवर जेवू घालणे ही कामे पुरुषाला करता येतात. बाळंतिणीला झोप मिळाली की दूधही चांगले येते.

लवकर कामावर जावेच लागले तर

१) निघण्यापूर्वी आणि आल्याबरोबर बाळाला अंगावर पाजावे. रात्रीचे पाजणे सोडू नये.
२) हात स्वच्छ धुऊन दूध काढावे, उकळून घेतलेल्या स्टीलच्या भांड्यात झाकून ठेवावे. घरात थंड जागी ते चार तास चालते. ते गॅसवर उकळू नये.
३) हे दूध वाटी-चमच्याने द्यावे. बाटली नको.
४) लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तितके महिने घ्याव्यात.
५) ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, अचानक जास्त रक्तस्राव किंवा छातीत गाठ व ठणका असल्यास त्याच दिवशी दाखवावे.

त्या आजींना मी बाटली बंद करायला सांगितली आणि वाटी-चमचा दाखवला. सुनेने मालकांशी बोलून पाहिले. त्यांनी दुकानामागची खोली रिकामी करून दिली. आजी दुपारी बारा आणि चार वाजता नातवाला तेथे नेऊ लागल्या. वारंवार पाजल्याने दूध हळूहळू वाढले. महिन्याने बाळ ४ किलो ८०० ग्रॅम भरले. मालकांना यासाठी एक पैसाही खर्च आला नाही. सहा महिने रजा मिळाली असती, तर बाळ आजारी पडण्याची शक्यता मुळात कमी झाली असती.