ओटीपी सांगण्याआधी नंबर कोणाचा ते पाहा

सरकारी रुग्णालयात केसपेपर काढताना हल्ली आधार मागतात, मोबाइलवर आलेला ओटीपी विचारतात आणि दोन मिनिटांत आभा क्रमांक तयार होतो. पुढे तुमच्या तपासण्या, औषधांच्या चिठ्ठ्या, डिस्चार्ज कार्ड या 14 अंकी क्रमांकाला जोडता येतात. आभा काढणं ऐच्छिक आहे. राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाची ही जाहीर भूमिका आहे, पण खिडकीवर ती कोणी सांगत नाही. त्याचा त्रास माझ्या धाकट्या बहिणीला झाला. तिला विचारूनच हे लिहितो आहे.

बाळंतपणासाठी ती माहेरी आली होती. बाळ झाल्यावर तिची झोप गेली. बाळाला जवळ घ्यावंसं वाटेना, मधेच रडू फुटायचं. आईने दृष्ट काढून पाहिली. शेवटी आमच्या आशाताईंनी सिव्हिलच्या मानसोपचार विभागात न्यायला सांगितलं. तिथे केसपेपरच्या रांगेत ही ताटकळली, खिडकीतल्या ऑपरेटरने आधार मागितलं. तिच्या आधारला दिरांचा मोबाइल जोडलेला होता, कारण लग्नानंतर नाव-पत्ता बदलताना सासरी तोच नंबर दिला गेला होता. आपल्याकडे कितीतरी सुनांच्या आधारवर असा घरातल्या दुसऱ्या कुणाचा तरी नंबर असतो. तिने फोन केला, "भाऊजी, एक ओटीपी आला असेल, तेवढा सांगता का?" त्यांनी सांगितला. ऑपरेटरने आभासाठीही तोच नंबर टाकला. हे कार्ड कशासाठी, कागद कुणाला दिसणार, नको म्हटलं तर चालेल का, यातलं काहीही तिला सांगितलं गेलं नाही.

पुढे दिरांच्या मोबाइलवर नवी नोंद जोडल्याचा मेसेज आला. वहिनीला काय झालंय म्हणून त्यांनी काळजीने आभाचं ॲप उघडलं. नंबर त्यांचाच, त्यामुळे ओटीपीही त्यांनाच आला. आत विभागाचं नाव होतं, गोळ्यांची नावं होती. संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला, "वेड्यांच्या डॉक्टरकडे नेलंत आणि आम्हाला कळवलंही नाही? बाळाला इकडे आणून सोडा." बहिणीने त्या धसक्याने गोळ्या बंद केल्या. त्या पुन्हा सुरू करायला डॉक्टरांना तिची खूप समजूत काढावी लागली. आज ती बरी आहे, बाळ तिच्याजवळ आहे. पण आपला आजार कुणाला सांगायचा आणि कधी, हे तिचं तिने ठरवायचं होतं.

दिरांना मी दोष देत नाही. कायद्याने जपायला सांगितलेली गोष्ट रांग उरकण्याच्या घाईत उघडी पडली, हा खरा दोष आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 याच्या कलम 23 ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. त्याच वर्षीच्या एचआयव्ही कायद्याने चाचणीसाठी संमती आणि निदानाची गुप्तता बंधनकारक केली. आणि 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निकाल दिला. तरीही 2021 मध्ये कोविड लसीसाठी आधार दाखवलेल्या अनेकांच्या प्रमाणपत्रावर, त्यांना न विचारता, असा आरोग्य क्रमांक छापून आला होता. म्हणजे हे एका खिडकीपुरतं नाही.

आभा मुळात वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. मधुमेहाचे जुने रिपोर्ट पिशवीत घेऊन तालुक्याहून जिल्ह्याला जाणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग आहे. माझ्या वडिलांचं आभा मी स्वतः काढून दिलं, त्यांचा नंबर टाकून. तुम्हीही काढा, पण आधी आपल्या आधारला कोणाचा मोबाइल जोडला आहे ते पाहा. दुसऱ्याचा असेल तर आधार केंद्रात जाऊन बदलून घ्या. आभासाठी वेगळा नंबर देता येतो, तो आपलाच द्या. तुमच्या ओटीपीवर तुमच्या नावाने खातं उघडतं, म्हणून तो सही करण्याइतक्याच सावधपणे सांगा. नको असेल तर "मला आभा नको, साधा केसपेपर द्या" एवढं स्पष्ट म्हणा. आभा नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. कोणी अडवलंच तर वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

आधीच काढलेलं असेल तर ॲपमध्ये कोणाला, कशासाठी आणि किती काळ संमती दिली आहे ते दिसतं, ती मागेही घेता येते. आभा बंद करता येतं किंवा कायमचं काढून टाकता येतं. मात्र रुग्णालयाच्या स्वतःच्या नोंदी त्याने पुसल्या जात नाहीत. माहिती तिथेच साठते, आभा फक्त तिथवर पोचवतं.

सगळीकडे संमती विचारली जाईल अशी अपेक्षाही धरू नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 म्हणतो की संमती मुक्त आणि ठरावीक कारणासाठी हवी, आणि तिची सूचना मराठीतही मिळण्याची सोय हवी. पण सरकारी लाभ, साथीचे रोग, तातडीचे उपचार यांसाठी त्यातच सूट आहे. क्षयरोगाची नोंद तर 2012 पासून खासगी डॉक्टरांनाही कळवावीच लागते. साथ रोखायला ती गरजेची आहे, हे मला मान्य आहे. अशा वेळी "घरी कोण येणार, फोन कोणाला करणार?" हे विचारून ठेवा. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या क्षयरुग्णाच्या दारात येऊन त्याचा आजार मोठ्याने विचारला, तर त्याची खोलीही जाऊ शकते.

रुग्णालयांच्या प्रमुखांना एक विनंती आहे. केसपेपरच्या खिडकीवर ठळक मराठीत पाटी लावा, की आभा ऐच्छिक आहे आणि त्याशिवायही उपचार मिळतील. आणि ऑपरेटरला दोनच प्रश्न विचारायला सांगा: आभा काढायचं आहे का, आणि हा नंबर तुमचा स्वतःचा आहे का? रांग त्याने फारशी लांबणार नाही.